विषाची मात्रा आणि मुलाचे वजन

बालरोगशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात कुपोषणाचे प्रकरण पुस्तकाच्या सुरुवातीला असते आणि विषबाधेचे शेवटाकडे, अपघात आणि तातडीचे उपचार यांच्या शेजारी. शासनाची रचनाही तशीच आहे. कुपोषण म्हणजे महिला व बालविकास विभाग, अंगणवाडीचा वजनकाटा, दंडघेराची पट्टी आणि घरपोच आहार. विषबाधा म्हणजे अपघात विभाग आणि पोलिसांकडची नोंद. भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि शिशाच्या भट्ट्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. या विभागणीत एक गोष्ट कोणाच्याच वाट्याला येत नाही: ज्या मुलाला पुरेसे खायला मिळत नाही, त्याच मुलाच्या शरीरात विष अधिक सहज शिरते, अधिक काळ टिकते आणि कित्येकदा कुपोषणाचेच रूप घेऊन वावरते. मूल काय खात नाही हे आपला पोषण कार्यक्रम काळजीपूर्वक मोजतो, पण जे खाते त्यात काय आहे आणि ते कशातून येते, हे विचारत नाही. हा प्रश्न तपासणीच्या पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचा सर्वात भक्कम पुरावा पुण्याचाच आहे.

आज साठीच्या पुढे असलेल्या अनेकांनी लहानपणी ‘त्यांच्या मुलाला लिव्हर झालं होतं’ हे वाक्य घरात ऐकले असेल. वर्षा-दीड वर्षाचे, चांगले बाळसे धरलेले मूल किरकिर करू लागायचे, त्याची भूक मंदावायची, पोट फुगायचे. डॉक्टरांनी बरगडीखाली हात लावला की यकृत दगडासारखे कडक लागायचे. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत मृत्यू. कित्येक घरांत एकामागून एक भावंडे अशी गेली. १८८७ साली कोलकात्यात या आजाराचे वर्णन प्रथम नोंदवले गेले आणि पुढे तो ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला. जवळपास शतकभर त्याचे कारण कोणाला सापडले नाही. आनुवंशिकता, विषाणू, आईचे दूध, आहारातील प्रथिनांची कमतरता असे सगळे तर्क झाले. गोंधळात टाकणारी बाब अशी की हा आजार अगदी निर्धन घरांतला नव्हता. घरी दुभते जनावर असलेल्या, मुलाच्या खाण्यापिण्याकडे आवर्जून लक्ष देणाऱ्या मध्यम स्थितीतल्या कुटुंबांत तो ठळकपणे दिसत असे.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस या मुलांच्या यकृताच्या तुकड्यांत तांब्याचे प्रमाण कमालीचे वाढलेले असल्याचे स्पष्ट झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह पुढचा प्रश्न विचारला, आणि तो प्रयोगशाळेतला नव्हता, स्वयंपाकघरातला होता: या मुलाला दूध कोणते दिले, कधीपासून दिले आणि ते कोणत्या भांड्यात तापवले? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा पहिला निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि पुढच्या काही वर्षांत आजारी मुलांच्या व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून तो बळकट झाला. आजारी मुलांना आईचे दूध लवकर सोडवून गाईचे किंवा म्हशीचे दूध सुरू केलेले होते, आणि ते दूध पितळेच्या, म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या, भांड्यात तापवून त्यातच ठेवले जात होते. ताक किंवा आमसुलाचे सार कल्हई उडालेल्या पितळेत ठेवले तर ते कळकते आणि पहिल्याच घोटाला जिभेला समजते. दुधातले तांबे मात्र केसिन या प्रथिनाला चिकटून बसते आणि घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही. नवजात बाळाच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा मोठा असतो, आणि पित्तावाटे ते बाहेर टाकण्याची त्याची क्षमता अजून पुरती आलेली नसते. अशा वेळी रोज थोडे थोडे तांबे पोटात जात राहिले तर काय होईल, हे त्या कडक यकृतांनी दाखवले.

पुढे पुणे जिल्ह्यात भांडी बदलण्याचा सल्ला दिला गेला. त्याच सुमारास स्टेनलेस स्टील स्वस्त होऊन घरोघरी पोहोचले, आणि एके काळी बालरोग विभागात नित्य दिसणारा हा आजार काही वर्षांत जवळजवळ दिसेनासा झाला. श्रेय सल्ल्याचे किती आणि बाजाराचे किती, हे वेगळे करणे कठीण आहे. एकाच पातेल्यातले दूध पिऊनही सगळी मुले आजारी पडत नसत, त्यामुळे काही मुलांत उपजत प्रवणता असावी, हेही अभ्यासक मान्य करतात. पण हा योगायोग नव्हता, हे ऑस्ट्रियातल्या टायरॉल या डोंगराळ प्रदेशानेही दाखवून दिले. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ मुले याच स्वरूपाच्या यकृतविकाराने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तिथेही बाळांचे दूध तांब्याच्या भांड्यांत तापवले जात होते, आणि ती भांडी मागे पडली तसा आजारही थांबला.

या इतिहासातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्यात पोषण आणि विष वेगळे काढताच येत नाही. नुसते पितळेचे पातेले घरात असून भागत नव्हते. आईचे दूध लवकर सुटले म्हणून बाळ त्या पातेल्यापर्यंत पोहोचले. आणि आईचे दूध लवकर सुटणे हे एरवी फक्त पोषणाचे दुखणे ठरले असते. पातेल्यामुळे ते जिवावर बेतले. दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नावलीत विचारल्या म्हणूनच उत्तर हाती आले.

सध्या तांब्या-पितळेची भांडी पुन्हा हौसेने घरात येत आहेत. मोठ्या माणसाने तांब्याच्या तांब्यातले पाणी पिणे हा वेगळा विषय आहे, आणि कल्हई नीट टिकवलेल्या पातेल्यात आमटी करण्यावर माझा आक्षेप नाही. परंतु बाळाचे दूध पितळेत तापवू नये, साठवू नये, ही गोष्ट आपल्या आरोग्यसेविकांनी आजही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. परंपरेच्या नावाने ही भांडी विकणाऱ्या जाहिरातींत ती सांगितली जात नाही.

तांब्याचा प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडला. शिशाचा प्रश्न मात्र आज आपल्यासमोर आहे, आणि तो कुपोषणाशी त्याहूनही घट्ट बांधलेला आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे, आणि त्यांपैकी अंदाजे साडेसत्तावीस कोटी मुले भारतातली आहेत. नीती आयोग आणि नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या २०२२च्या अहवालानेही या प्रश्नाचे गांभीर्य मांडले. हे अंदाज उपलब्ध तुटपुंज्या मोजण्यांवर उभे आहेत, हे मान्य करायला हवे. पण मोजण्या तुटपुंज्या आहेत याचा दोष शिशाकडे जात नाही, न मोजणाऱ्यांकडे जातो.

शरीरात काय घडते ते पाहिले तर कुपोषण आणि विषबाधा या दोन प्रकरणांमधली भिंत किती कृत्रिम आहे ते कळते. आतड्यात लोह शोषून घेणारी जी वाहक प्रथिने आहेत, तीच शिशालाही आत घेतात. अन्नात लोह कमी पडले की शरीर ही वाहने वाढवते, म्हणजे लोहाच्या शोधात दार सताड उघडते, आणि त्या दाराने शिसेही आत येते. कॅल्शियमच्या कमतरतेतही असेच होते. रिकाम्या पोटी शिसे अधिक शोषले जाते. मुळात लहान मूल गिळलेल्या शिशाचा प्रौढाच्या चार-पाच पट भाग शोषते. त्यात ते उपाशी आणि रक्ताल्पतेचे असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. पुढची साखळी याहून क्रूर आहे. लोह कमी पडलेल्या मुलाला माती, भिंतीचे पोपडे, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. जुन्या रंगाच्या पोपड्यांत किंवा बॅटरीच्या भट्टीजवळच्या मातीत शिसे असेल तर ते सरळ पोटात जाते. आणि रक्तात गेलेले शिसे हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या विकरांनाच (एन्झाइम्सना) अडवते, म्हणजे रक्ताल्पता अधिक वाढवते. रक्ताल्पतेमुळे शिसे आणि शिशामुळे रक्ताल्पता, असे हे चक्र फिरत राहते, आणि त्यात मेंदूच्या वाढीचे जे नुकसान होते ते नंतरच्या कोणत्याही आहाराने भरून निघत नाही.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ या पाचव्या फेरीतील महाराष्ट्राचे आकडे या माहितीशेजारी ठेवून पाहावेत. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने कृश, ३६.१ टक्के कमी वजनाची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांतील रक्ताल्पता ६८.९ टक्के, आधीच्या फेरीत ती ५३.८ टक्के होती. रक्ताल्पता मोजण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यात तथ्यही आहे. तरीसुद्धा दहांतल्या सहा-सात मुलांचे आतडे लोहासाठी आसुसलेले आहे, असा संशय घ्यायला हे आकडे पुरेसे आहेत. अशा राज्यात मुलांच्या रक्तातले शिसे नियमितपणे कोठेही मोजले जात नाही.

हे आपल्याकडे कधी झालेच नाही, असेही नाही. याच सर्वेक्षणाच्या १९९८–९९च्या दुसऱ्या फेरीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालील मुलांच्या रक्तात शिसे मोजले गेले होते. त्या हजारभर मुलांपैकी ७६ टक्के मुलांच्या रक्तात ते ५ ते २० मायक्रोग्रॅमच्या दरम्यान होते. त्या वेळी शिसेयुक्त पेट्रोल अजून विकले जात होते. २००० साली ते देशभर बंद झाले, आणि हा निर्णय भारतीय मुलांच्या हिताचा फार मोठा निर्णय होता. २०१६च्या नियमांनी घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा घातली आणि ती पुढच्या वर्षी लागू झाली. पण पेट्रोल बंद झाल्यावर मुलांच्या रक्तात नेमके किती शिसे उरले, हे पाहण्यासाठी तीच मोजणी पुढच्या फेऱ्यांत करायला हवी होती. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांत बोटातून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासले गेले. त्याच बोटातून आणखी एक थेंब घेऊन शिसे तपासणे थांबले.

एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या पोषण पुनर्वसन केंद्रात काय होते ते पाहू. तीव्र कुपोषित मूल दाखल होते. त्याच्या रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, क्षार, लघवी, क्षयरोगाची चाचणी, गरजेनुसार छातीचा एक्स-रे हे सगळे पाहिले जाते. ठरलेल्या मापाने दूध-साखर-तेलाचा आहार सुरू होतो, काही दिवसांनी लोह दिले जाते, वजन थोडे वाढते, मूल घरी जाते. काही महिन्यांनी तेच मूल पुन्हा येते: भूक नाही, पोट दुखते, शौचाला घट्ट होते, किरकिर करते, हिमोग्लोबिन आहे तिथेच. ‘आई औषध देत नसणार’ असा शेरा पडतो. कित्येकदा तो खराही असतो. पण ही सगळी लक्षणे शिशाचीही आहेत, आणि वडील जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम करतात का, घरामागे भंगार वितळवले जाते का, डोळ्यांत सुरमा घालतात का, हळद कोठून आणतात, हे कोणी विचारलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळलेल्या मुलाच्या आहारात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर ते पुरवावे, आणि सर्वात आधी शिशाचा स्रोत शोधून तोडावा. म्हणजे शिशाच्या उपचारात पोषण आहेच. पोषणाच्या उपचारात शिशाचा विचार मात्र नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की जिथे दोन वेळचे पुरेसे मिळत नाही तिथे शिसे आणि तांबे यांची चर्चा ही चैन आहे. आधी पोटभर द्या, मग बाकीचे पाहू. हा युक्तिवाद तळमळीने केला जातो, आणि मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाने तो केला तर मान खाली घालून ऐकावा लागतो. तरीही तो मला पटत नाही, कारण विष पोट भरण्याची वाट पाहत थांबत नाही. मुझफ्फरपूरचे उदाहरण याबाबत निर्णायक आहे.

बिहारमधल्या त्या लिचीच्या पट्ट्यात उन्हाळ्यात पहाटे मुले अचानक झटके येऊन बेशुद्ध पडत आणि दगावत. अनेक वर्षे हा मेंदूज्वर समजला गेला. २०१४ सालच्या साथीत तिथल्या दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि १२२ दगावली. त्या वर्षीच्या तपासाचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला: लिचीत नैसर्गिकपणे असलेली दोन द्रव्ये शरीराची साखर तयार करण्याची क्रिया रोखतात, आणि ज्या मुलांनी दिवसभर बागेत लिची खाऊन रात्री जेवण केले नव्हते त्यांच्यात धोका सर्वाधिक होता. पोटात जेवण असलेल्या मुलाचे शरीर हा घाव सोसू शकत होते. ज्याच्या यकृतात साखरेचा साठाच नव्हता त्याच्या रक्तातील साखर पहाटेपर्यंत तळाला जाई. म्हणून उपाय सुचवला गेला तो दुहेरी होता: मुलाला रात्री उपाशी झोपू देऊ नये, आणि रुग्णालयात आल्याबरोबर साखर तपासून ग्लुकोज द्यावे. फक्त ‘विषाणू’ शोधत बसलेल्यांना किंवा फक्त ‘गरिबी’ म्हणून सोडून देणाऱ्यांना हा उपाय सुचला नसता. आपल्याकडेही दर काही महिन्यांनी चंद्रज्योतीच्या बिया खाऊन शाळकरी मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या बातम्या येतात. बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलांनी खाल्ल्या, एवढे छापून बातमी संपते. ती मुले त्या दिवशी जेवून घराबाहेर पडली होती का, हे बातमीत नसते.

पोषणाची योजनाच विषबाधेचे कारण ठरू शकते, हेही नजरेआड करता येत नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शालेय माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मृत्युमुखी पडली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. उपासमारीवर उत्तर म्हणून वाढलेले ताट आणि शेतातले विष यांच्यात भिंत म्हणून जी साधी दक्षता हवी होती, तीच तिथे नव्हती.

त्याहून जवळचे, आणि फारसे बोलले न जाणारे उदाहरण आपल्या घराघरांतल्या लाल गोळ्यांचे आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना शासनाकडून लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. गोळी लाल, चकचकीत, वरून गोडसर. ती पट्टी उशाखाली, फडताळात किंवा देवळीत ठेवलेली असते, आणि घरात बहुधा दीड-दोन वर्षांचे एक रांगते-चालते मूल असते. लोहाची विषबाधा मुलाच्या वजनावर ठरते. दर किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत सहसा फारसे काही होत नाही, त्यापुढे त्रास सुरू होतो, आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवाला धोका असतो. आता हिशेब करा. १० गोळ्यांची एक पट्टी म्हणजे ६०० मिलिग्रॅम लोह. दोन वर्षांच्या, १२ किलोच्या सुदृढ मुलाने ती संपवली तर किलोमागे ५० मिलिग्रॅम होतात. त्याच वयाच्या, ८ किलोच्या कुपोषित मुलाने ती संपवली तर ७५ होतात. पट्टी तीच, वय तेच. पण एक मूल धोक्याच्या रेषेच्या अलीकडे राहते आणि दुसरे पलीकडे जाते.

या विषबाधेचा मार्गही फसवा आहे. आधी उलट्या आणि जुलाब होतात, कधी रक्त पडते. मग काही तासांनी सगळे थांबते, मूल शांत होते, झोपते, आणि घरचे निर्धास्त होतात. दुसऱ्या दिवशी रक्तदाब कोसळतो, यकृत निकामी होऊ लागते. इतर अनेक विषांवर दिला जाणारा औषधी कोळसा (ॲक्टिव्हेटेड चारकोल) लोहाला धरून ठेवत नाही. डेफेरॉक्झामिन हे औषध लागते आणि ते वेळेवर लागते. म्हणून उलट्या थांबल्या तरी मुलाला मोठ्या रुग्णालयात न्यायलाच हवे, हे गोळ्या देतानाच आईला सांगितले गेले पाहिजे. गोळी वाटताना ‘जेवल्यावर घ्या, चहासोबत घेऊ नका’ हे सांगितले जाते. ‘मुलाच्या हाताला लागू देऊ नका’ हे त्याच दमात सांगायला काही खर्च येत नाही. आणि मुलांना सहज उघडता न येणारे वेष्टन हा खरेदीच्या निविदेतील एका अटीचा प्रश्न आहे. रक्ताल्पता घालवण्यासाठी लोह हवेच, त्याविषयी माझ्या मनात शंका नाही, आणि हे वाचून कोणत्याही आईने गोळ्या बंद करू नयेत. त्या चालू ठेवाव्यात, उंचावर, कुलपात.

रॉकेलचेही असेच होते. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेले रॉकेल पाणी समजून प्यायलेली मुले एके काळी बालरोग विभागात रोजची होती. गॅस आल्यावर ती कमी झाली, पण संपली नाहीत. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय त्यात घातकच ठरतो, कारण ओकताना रॉकेल फुप्फुसात जाते. फुप्फुसाचा असा दाह कृश मुलाला कितीतरी जड जातो.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. या प्रश्नांनी शेवटी आईलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाईल, अशी भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते, आणि ती रास्त आहे. पातेले कोणते वापरले, हळद कुठली आणली, गोळ्या कुठे ठेवल्या, सगळे प्रश्न तिलाच. म्हणून सांगतो की यातली बहुतेक विषे आईच्या हातून येत असली तरी तिच्यापाशी सुरू होत नाहीत. हळकुंडाला पिवळी झळाळी यावी म्हणून लावलेले लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, कोणत्याही गृहिणीला डोळ्यांनी ओळखता येत नाही. बांगलादेशाने हा प्रश्न गृहिणींवर सोडला नाही. तिथे २०१९ साली बाजारातील ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत शिसे आढळत होते; सरकारने घाऊक बाजारांत यंत्राने तपासणी केली, दंड केले, लोकांना सांगितले, आणि २०२१ साली ते प्रमाण शून्यावर आले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाटणा आणि गुवाहाटीच्या बाजारांतल्या हळदीत शिशाचे प्रमाण धक्कादायक आढळले. हळद पिकवणाऱ्या आणि तिचा मोठा व्यापार करणाऱ्या आपल्या राज्याने स्वतःच्या बाजारांची अशी तपासणी करून निकाल उघड करावेत. प्रामाणिक व्यापाऱ्याचा त्यात फायदाच आहे. भंगारातून ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांचेही तसेच आहे. ‘हिंडालियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भारतीय भांड्यांतून शिसे अन्नात उतरते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली दिला. परदेशी जाताना कढया-पातेली सोबत नेणाऱ्या मराठी कुटुंबांना तो तिथे वाचायला मिळतो. ज्या गावातून त्या कढया विकत घेतल्या तिथल्या आयांपर्यंत मात्र तो पोहोचलेला नसतो.

औषधांबाबतही हीच बाजू आहे. डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी औद्योगिक द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने यंत्रणेतली सडलेली साखळी उघडी केली. त्यानंतर जवळपास चार दशकांनी, २०२५ साली, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक लहान मुलांच्या पोटात गेले आणि ती दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. अशक्त मुलाला खोकला-सर्दी वारंवार होते, म्हणून बाटलीही वारंवार येते. तिथेही आईने फक्त लिहून दिलेले औषध पाजले होते.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि मनुष्यबळाचा. अंगणवाडी सेविका आधीच पोषण ट्रॅकर, नोंदवह्या आणि सर्वेक्षणांखाली दबल्या आहेत. त्यांच्यावर आणखी एक प्रश्नावली लादू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. माझी अपेक्षा त्यांच्याकडून नाही, डॉक्टरांकडून आहे. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होणारी मुले मोजकी असतात. त्यांच्या केसपेपरवर पालकांचा व्यवसाय, घराजवळची भट्टी, भांडी, माती खाण्याची सवय, सुरमा, घरगुती भस्मे आणि उघड्यावर ठेवलेली औषधे याविषयीचे चार-सहा प्रश्न छापणे आणि लोह देऊनही हिमोग्लोबिन न वाढणाऱ्या मुलाच्या रक्तातील शिसे तपासणे, एवढे आज करता येईल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबाबत आपण हे केले आहे. एके काळी विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी मुलांची रक्ताल्पता सरसकट आहाराच्या खात्यात टाकली जाई. आज दुर्गम आरोग्य केंद्रातही सिकलसेलची प्राथमिक चाचणी होते आणि त्यासाठी २०२३ पासून राष्ट्रीय अभियान आहे. चाचणी आली ती आधी प्रश्न मान्य झाला म्हणून.

राज्यभराचे चित्र कळायला मात्र सर्वेक्षणच लागेल. जॉर्जियासारख्या लहान देशाने २०१८ साली कुटुंब सर्वेक्षणातच मुलांच्या रक्तातील शिसे मोजले, ४१ टक्के मुलांत ते ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आढळले, आणि मग शोध मसाल्यांपर्यंत पोहोचला. आपल्या सर्वेक्षणाचे पथक आजही घरोघरी जाते, मुलाचे वजन घेते, उंची मोजते; पाचव्या फेरीपर्यंत ते बोटालाही सुई टोचत होते. १९९८–९९च्या फेरीत मुंबईत त्याच पथकाने जे केले होते ते पुढच्या फेरीत निदान महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतील नमुन्यादाखल निवडलेल्या मुलांसाठी पुन्हा करावे, अशी मागणी राज्य शासनाने केंद्राकडे लेखी करावी. ती नाकारली गेली तर राज्याने स्वतःच्या खर्चाने, वैद्यकीय महाविद्यालये आणि नागपूरच्या ‘नीरी’ची मदत घेऊन हे काम हाती घ्यावे, आणि प्रत्येक मुलाचे शिसे, हिमोग्लोबिन आणि वजन हे तिन्ही आकडे एकाच ओळीत नोंदवावेत.